कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातील पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. १९६६ ते १९७० या काळात त्या या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

जन्म आणि शिक्षण

कमल यांचा जन्म पुण्यातील समर्थ कुटुंबात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे अभ्यासक असून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा वडिलांचा कटाक्ष होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकाचा अभ्यास करावा आणि डॉक्टरशी विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन विज्ञानाची पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांच्या अभ्यासाचा विषय सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकी हा होता. वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे, मोजणे आणि त्यांच्या रचनेवरून वनस्पतींचे नाते ठरविणे असे या शाखेतील काम असते. पेशी हेच अभ्यासाचे एकक मानण्याची जी दृष्टी येथे तयार झाली, तीच पुढे त्यांच्या कर्करोग संशोधनाचा पाया ठरली.

विवाह आणि मुंबईतील आरंभ

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. पतीने त्यांच्या पदव्युत्तर शिक्षणास आणि संशोधनास पाठिंबा दिला. या दांपत्यास एक पुत्र झाला.

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे खानोलकर यांनी मुखाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयीशी असलेला संबंध त्या काळातच अभ्यासास घेतला होता. रणदिवे या रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पेशीशास्त्रातील डॉक्टरेट पदवी मिळविली.

बाल्टिमोर येथील प्रशिक्षण

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने रणदिवे पुढील प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत, पोषक द्रवात, योग्य तापमानास जिवंत ठेवून वाढविणे म्हणजे ऊती संवर्धन. गाय यांनी त्यासाठी मंदगतीने फिरणाऱ्या नळ्यांची पद्धत विकसित केली होती. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. हीला या नावाने ओळखला जाणारा तो पेशीवंश मानवी पेशींचा पहिला अमर वंश होय.

या तंत्राने कर्करोगाच्या अभ्यासाचे स्वरूप बदलले. तोपर्यंत विकृतिशास्त्रज्ञापुढे येई तो रोग्याच्या शरीरातून काढलेला, रसायनात स्थिर केलेला आणि रंगविलेला मृत ऊतीचा काप. त्यावरून रोगाचे निदान होत असे. परंतु पेशी कशी विभाजित होते, कोणत्या द्रव्याने ती बदलते, कोणत्या औषधाने मरते आणि कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे मृत कापावरून समजणे शक्य नव्हते. त्यासाठी जिवंत पेशी हवी होती.

ऊती संवर्धन प्रयोगशाळा

१९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. रणदिवे भारतात परतल्यावर या केंद्रात ज्येष्ठ संशोधन अधिकारी म्हणून दाखल झाल्या. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. अशी प्रयोगशाळा चालविणे हे केवळ उपकरणे मांडण्याचे काम नसते. पेशींना सतत निर्जंतुक वातावरण लागते. एका बुरशीच्या कणाने कित्येक आठवड्यांचे संवर्धन वाया जाते. पोषक द्रव नियमाने बदलावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत ही शिस्त दीर्घकाळ पाळणारा संशोधकांचा गट तयार करणे हे रणदिवे यांचे महत्त्वाचे कार्य मानले जाते.

पुढे त्यांनी केंद्रात कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिरक्षाशास्त्र या तीन विषयांचे संशोधन विभाग सुरू केले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी प्राण्यांतील प्रतिमाने विकसित करण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

स्तनाच्या कर्करोगावरील संशोधन

१९३६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन बिटनर यांनी असे दाखविले होते, की काही वंशांच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग मातेच्या दुधातून पिलांकडे जातो. या दुग्धघटकामागे विषाणू असल्याचे नंतर सिद्ध झाले. मात्र विषाणू शरीरात शिरलेल्या प्रत्येक मादीस कर्करोग होत नसे. मादीचा आनुवंशिक वंश, तिची संप्रेरकांची स्थिती आणि विषाणू हे तीनही घटक जुळून यावे लागत.

रणदिवे यांनी याच जोडणीचा अभ्यास केला. कर्करोगाची प्रवणता आणि संप्रेरके व अर्बुदजनक विषाणू यांचे नाते ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. उंदरांतील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मानवी स्तनाच्या कर्करोगास असा दुधातून येणारा विषाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही कर्करोग हा एका कारणाचा रोग नसून अनेक कारणांच्या संगमाचा रोग आहे, ही आज सर्वमान्य असलेली धारणा घडविण्यात अशा संशोधनाचा हातभार लागला.

कुष्ठरोगाशी संबंधित जीवाणूंवरही त्यांनी मूलभूत संशोधन केले. केंद्रात पुढे विकसित झालेल्या कुष्ठरोगविरोधी लसीस या कामाचा आधार मिळाला.

सुपारी आणि तंबाखू

खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदींवरून मुखाच्या कर्करोगाचा तंबाखूशी संबंध दाखविला होता. रुग्णांत दिसणारा असा संबंध प्रयोगशाळेतही पडताळून पाहणे हे पुढचे पाऊल होते. रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांच्या कर्कजनकतेचा प्रयोगशाळेतील प्राण्यांवर अभ्यास केला. या अभ्यासाचा निबंध १९७६ मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू यांचे सेवन महाराष्ट्राच्या शहरांत व खेड्यांत सारखेच रूढ असल्यामुळे या प्रश्नाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचे महत्त्व होते.

औषधरोधाचा प्रश्न आणि पेशी संवर्धन

रणदिवे यांच्या कारकिर्दीच्या काळातच कर्करोगावरील रसायनोपचार, म्हणजे केमोथेरपी, रूढ झाली. सदाफुलीपासून मिळणारी व्हिनक्रिस्टिन व व्हिनब्लास्टिन ही औषधे याच काळात वापरात आली. आरंभी या औषधांनी अर्बुद आक्रसत असे. परंतु अनेक रुग्णांत काही महिन्यांनी रोग उलटे आणि मग तेच औषध निष्प्रभ ठरे. याहून गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे, रुग्णास पूर्वी कधीही न दिलेली, वेगळ्या रचनेची औषधेही त्याच वेळी निरुपयोगी होत. या घटनेस बहुऔषधरोध असे म्हणतात.

या कोड्याचे उत्तर रुग्णालयात नव्हे, तर संवर्धित पेशींत मिळाले. १९७३ मध्ये डेन्मार्कमधील केल्ड डानो यांनी असे दाखविले, की औषधाला न जुमानणाऱ्या उंदरांच्या अर्बुदपेशी डॉनोमायसिन हे औषध ऊर्जा खर्च करून बाहेर टाकतात. कॅनडातील टोरोंटो येथे व्हिक्टर लिंग व त्यांचे सहकारी चिनी हॅमस्टरच्या संवर्धित पेशींवर काम करीत होते. त्यांनी या पेशींना कॉल्चिसिन या द्रव्याची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवीत दिली आणि प्रत्येक टप्प्यास जगलेल्या पेशी वेगळ्या केल्या. कॉल्चिसिन पेशीविभाजन थांबविते. पावसाळ्यात कोकणच्या रानांत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही ते असते. १९७६ मध्ये रुडॉल्फ ज्युलियानो व लिंग यांनी अशा रोधक पेशींच्या पटलावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचे एक प्रथिन शोधून काढले. त्यास पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव मिळाले.

हे प्रथिन पेशीपटलात आरपार रुतलेले असते. त्याचे दोन समान भाग असून प्रत्येक भाग पटलास सहा वेळा छेदून जातो. औषधाचा रेणू पटलातून आत शिरू लागला की प्रथिन त्यास पकडते आणि एटीपी या ऊर्जाद्रव्याचे विघटन करून, स्वतःचा आकार बदलून, त्यास पुन्हा बाहेर ढकलते. गळक्या होडीतील पाणी सतत उपसत राहावे तसे हे कार्य असते: औषध आत येणे थांबत नाही, पण मारक ठरण्याइतके ते आत साठत नाही. हे प्रथिन एकाच रचनेच्या औषधापुरते मर्यादित नाही. व्हिनक्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, इटोपोसाइड, पॅक्लिटॅक्सेल अशी परस्परांशी रासायनिक साम्य नसलेली औषधेही ते बाहेर टाकते. बहुऔषधरोधाचे एक प्रमुख कारण अशा रीतीने स्पष्ट झाले.

पी-ग्लायकोप्रोटीन हे एबीसी वाहक या मोठ्या प्रथिनकुलातील आहे. याच कुलातील एमआरपी-१ हे प्रथिन १९९२ मध्ये, तर बीसीआरपी हे १९९८ मध्ये ज्ञात झाले. बीसीआरपी प्रथम स्तनाच्या कर्करोगाच्या एका संवर्धित पेशीवंशात सापडले, म्हणून त्याच्या नावात स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख आहे. सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात आढळणाऱ्या कॅम्पटोथेसिनपासून तयार केलेले टोपोटेकान हे औषध बीसीआरपी बाहेर टाकते. हेच प्रथिन स्तनदा मातेच्या निरोगी स्तनपेशींतही असते आणि ब-२ जीवनसत्त्व दुधात सोडण्याचे काम करते.

यावरून या प्रथिनांचे मूळ प्रयोजन ध्यानात येते. ती कर्करोगाने नव्याने निर्माण केलेली नाहीत. आतडे, यकृत, मूत्रपिंड, अपरा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांच्या निरोगी पेशींत ती विषारी द्रव्यांपासून शरीराचे रक्षण करतात. कर्कपेशी ही व्यवस्था स्वतःच्या बचावासाठी वापरते. मूत्रपिंड, यकृत व मोठे आतडे यांच्या कर्करोगांत रोधक पंप बहुधा आरंभापासूनच असतात. काही रक्तकर्करोगांत ते उपचारानंतर वाढतात.

पंप बंद करणारे औषध जोडीला द्यावे, हा उपाय साहजिकच पुढे आला. १९८१ मध्ये जपानमधील ताकाशी त्सुरुओ व सहकाऱ्यांनी, हृदयविकारावरील व्हेरापामिल या औषधाने रोधक पेशी व्हिनक्रिस्टिनला पुन्हा दाद देऊ लागतात, असे दाखविले. मात्र रुग्णांवरील चाचण्यांत हे यश टिकले नाही. पंप अडविला की निरोगी अवयवांचे संरक्षणही कमी होई, कर्करोगाचे औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नसे आणि त्याचे दुष्परिणाम वाढत. शिवाय पेशी केवळ पंपांवर अवलंबून नसते. औषधाचे लक्ष्य बदलणे, डीएनएची दुरुस्ती करणे, आत्मनाशाचा संकेत टाळणे हे मार्गही तिच्याकडे असतात.

रणदिवे यांचे संशोधन या प्रथिनांवर नव्हते. परंतु औषधरोधाचा शोध ज्या पद्धतीने लागला, ती संवर्धित पेशींची पद्धत भारतात रुजविण्याचे श्रेय त्यांना जाते.

स्त्री वैज्ञानिकांची संघटना

परदेशात शिकलेल्या भारतीय संशोधकांनी मायदेशी परतावे, असा रणदिवे यांचा आग्रह होता. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांना संसार व संशोधन यांचा मेळ घालताना येणाऱ्या अडचणी त्यांना स्वानुभवाने ठाऊक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी काही सहकारी स्त्री वैज्ञानिकांसह इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था मुंबईत स्थापन केली. संस्थेचे मुख्य कार्यालय नवी मुंबईत वाशी येथे असून तेथे वसतिगृह व पाळणाघर चालविले जाते. देशाच्या विविध भागांत संस्थेच्या शाखा आहेत.

ग्रामीण व आदिवासी भागातील कार्य

कारकिर्दीच्या उत्तरार्धात रणदिवे यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. त्या भागातील ग्रामीण स्त्रियांना त्यांनी स्त्री वैज्ञानिकांच्या संघटनेमार्फत आरोग्यविषयक मार्गदर्शनही केले.

अकोल्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उतरताच ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके लागतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली मुरबाडचा, तर आजोबा डोंगराच्या पायथ्याशी शहापूरचा प्रदेश आहे. घाटाच्या दोन्ही अंगांस महादेव कोळी व ठाकर, तर कोकणच्या बाजूस वारली व कातकरी या जमातींची वस्ती आहे. भातशेतीचा एकच हंगाम, त्यानंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर आणि मुलांचे कुपोषण हे प्रश्न या पट्ट्यात आढळतात. शहापूरच्या रुग्णास आसनगावहून आणि मुरबाडच्या रुग्णास कल्याणहून लोकलने परळ गाठता येते; परंतु रसायनोपचार एका फेरीत संपत नाही. ठरावीक दिवसांच्या अंतराने त्याची आवर्तने घ्यावी लागतात. प्रत्येक फेरीस मजुरी बुडते, आणि कुपोषित शरीरास औषधांचे दुष्परिणामही अधिक सोसावे लागतात. रोग उलटून औषधास दाद देईनासा झाला, तर पुढील उपचार अधिक कठीण व खर्चिक होतात. म्हणूनच अशा प्रदेशात पोषण, तंबाखूपासून दूर राहणे आणि लवकर निदान यांना विशेष महत्त्व आहे. प्रयोगशाळेतील तंबाखू-सुपारीचा अभ्यास आणि खेड्यातील पोषणाचा अभ्यास ही रणदिवे यांची दोन्ही कामे रोग होण्याआधीच्या या टप्प्याशी संबंधित होती.

सन्मान

१९६४ मध्ये रणदिवे यांना भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही त्यांना देण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून सन्मानित केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा नागरी सन्मान प्राप्त झाला.

निधन आणि वारसा

११ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, कमल रणदिवे यांचे निधन झाले. त्यांनी जेथे आयुष्यभर काम केले ते संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयासह टाटा मेमोरियल केंद्राचा भाग बनले होते. २००२ मध्ये ते नवी मुंबईतील खारघर येथे हलले आणि आज ॲक्ट्रेक या नावाने ओळखले जाते. तेथे कर्करोगाच्या जीवशास्त्राचा अभ्यास आजही जिवंत पेशींच्या संवर्धनावर आधारित आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.